ताण नेमका कुणावर? सिनॉप्सिसमधल्या एका वाक्याची उलटतपासणी

पेट पास झालात की पुढची धावपळ सिनॉप्सिसची. विषय मानसशास्त्राचा असो, शेतीचा असो की शिक्षणशास्त्राचा, 'ताण' हा शब्द शीर्षकात आला की प्रस्तावनेत एक वाक्य हमखास येतं: अभियांत्रिकीत वस्तूवर भार दिला की ताण निर्माण होतो, त्याचप्रमाणे माणसावर (किंवा पिकावर, किंवा विद्यार्थ्यावर) परिस्थितीचा भार आला की ताण निर्माण होतो. वाक्य वाचायला छान वाटतं. गाईडही त्याखाली रेघ मारत नाहीत. पण या 'त्याचप्रमाणे' शब्दात बराच घोटाळा लपलाय. आजच्या लेखात तोच उकलून बघू.

आधी शब्दांपासून सुरुवात करू. आपल्या बोलीत 'लोड', 'टेन्शन', 'ताण', 'दाब', 'प्रेशर' हे सगळे एकाच पोत्यात जातात. 'लई लोड आलाय' म्हणजे काम जास्त आहे, आणि 'लई लोड घेऊ नको' म्हणजे काळजी करू नको. पहिल्या वाक्यातला लोड बाहेरचा, दुसऱ्यातला आतला. बोलताना चालतं, कारण समोरच्याला संदर्भ माहीत असतो. प्रबंधात चालत नाही.

अभियांत्रिकीत तीन वेगळ्या गोष्टी आहेत. भार म्हणजे बाहेरून आलेलं बल. त्या बलाला तोंड देताना पदार्थाच्या आत, दर एकक क्षेत्रफळावर जे बल उभं राहतं ते स्ट्रेस. मराठी पुस्तकांत त्याला 'प्रतिबल' म्हणतात. आणि त्यामुळे वस्तूच्या आकारात जो बदल होतो तो स्ट्रेन, म्हणजे 'विकृती'. हूकने १६७८ मध्ये स्प्रिंगचा नियम मांडला तेव्हा बल आणि लांबी एवढंच होतं. आतल्या बलाची नेमकी कल्पना फ्रेंच गणिती कोशी याने १८२२ मध्ये दिली, आणि इंग्रजीत स्ट्रेस आणि स्ट्रेन या शब्दांची शिस्तशीर फारकत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात रँकिनने केली. म्हणजे या दोन शब्दांना वेगळं करायलाच विज्ञानाला दीडेकशे वर्षं लागली. आपण एका 'त्याचप्रमाणे'त ते परत एक करून टाकतो.

आता हे नुसतं शब्दांचं भांडण आहे असं वाटेल. तसं नाही. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या.

रेणापूरहून लातूर वीसेक किलोमीटर, आणि लातूरहून दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. बहुतेक जण स्वतःच्याच घराच्या दगड-मातीखाली दबून गेले. आजही गावोगावी एक निष्कर्ष ऐकू येतो: दगडाची घरं वाईट, भार फार होता, भिंतींना ताण सोसला नाही.

थोडं गणित करू. समजा माळवदाचं जुनं घर आहे. छतावर अर्धा मीटर मातीचा थर. मातीची घनता घनमीटरला १७०० किलो धरली तर दर चौरस मीटरला ८५० किलो. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर हे जवळपास आठ टन होतात. भिंत पाऊण मीटर जाड आणि तीन मीटर उंच धरा. भिंतीचं स्वतःचं वजन आणि छताचा वाटा मिळून पायथ्याशी प्रतिबल येतं सुमारे ०.०८ मेगापास्कल. एक मेगापास्कल म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर साधारण दहा किलो. म्हणजे इथे चौरस सेंटीमीटरला एक किलोसुद्धा नाही. आणि आपल्याकडचा ताजा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, किती दाब सोसतो? १०० मेगापास्कलच्या वर. हजार पटीहून जास्त! चिखलात रचलेल्या भिंतीची ताकद एकट्या दगडापेक्षा खूप कमी असते हे खरं, पण उभ्या भारासाठी ती पुरेशी होती. पिढ्यानपिढ्या ती घरं उभी होतीच.

मग पडली का? कारण भूकंपाने वजन वाढवलं नाही, दिशा बदलली. जमीन आडवी हलली की वस्तुमान गुणिले त्वरण एवढं आडवं बल येतं. गुरुत्वाच्या पाचव्या भागाइतकं त्वरण धरलं तरी त्या आठ टनांचा दीड टनाहून मोठा आडवा धक्का बसतो. दाबात भक्कम असलेला चिखलाचा सांधा ओढला की जवळपास शून्य ताकदीचा असतो. त्यात भिंतीची आतली आणि बाहेरची अशी दोन तोंडं, मध्ये भर, आणि दोन्ही तोंडांना बांधणारा आरपार दगड बऱ्याच ठिकाणी नाही. भिंत फुगली, दोन तोंडं सुटली, आणि वरची माती खाली आली.

इथे कोशीचा मुद्दा कळतो. प्रतिबलाला नुसता आकडा नसतो. ते कुठल्या पृष्ठावर आणि कुठल्या दिशेने, हे सांगितल्याशिवाय ते अर्धवट राहतं. 'ताण जास्त झाला' या वाक्यात दिशा नाही, म्हणून उपायही चुकतो. 'दगड वाईट' असं ठरवलं की माणूस कर्ज काढून सिमेंटकडे वळतो, आणि सळई व सांधे नीट नसतील तर तिथेही तोच धोका घेऊन राहतो. नेमकं निदान वेगळे उपाय सांगतं: छतावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, दारा-खिडक्यांच्या वर सलग पट्टा बांधा. कमी ताकदीच्या दगडी बांधकामासाठीचं भारतीय मानक, आयएस १३८२८, त्याच १९९३ सालचं आहे आणि त्यात याच गोष्टी आहेत.

'भार जास्त म्हणून तुटलं' हे समीकरण जमिनीच्या पोटातही चुकतं. कोयनेचं धरण १०३ मीटर उंच. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर लोक म्हणाले, पाण्याच्या वजनाने जमीन फाटली. शंभर मीटर पाण्याचा दाब साधारण एक मेगापास्कल. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचाच दाब १३० मेगापास्कलच्या आसपास. म्हणजे पाण्याची भर टक्काभरसुद्धा नाही. मग ती महत्त्वाची का? एक तर तिथला प्रस्तर आधीच घसरायच्या बेतात असावा लागतो. दुसरं, पाणी भेगांत शिरून आतला दाब वाढवतं आणि दोन बाजूंच्या खडकांची एकमेकांवरची पकड सैल करतं. तेरझागीने १९२० च्या दशकात मातीसाठी मांडलेलं 'परिणामी प्रतिबल' हेच. किल्लारीनंतर लोअर तेरणा धरणावरही अशीच चर्चा झाली. तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, प्रश्न 'पाण्याचं वजन किती' हा नाही. 'प्रस्तरावरच्या प्रतिबलात बदल किती, आणि तो मर्यादेच्या किती जवळ होता' हा आहे.

आता पिकाकडे या. शेतकरी 'ताण' शब्द शास्त्रज्ञांच्या आधीपासून नेमका वापरतो. मोसंबीच्या बागेला बहार धरण्यासाठी 'ताण देतात', मग पाणी सोडून 'ताण तोडतात'. इथे ताण म्हणजे पाणी तोडणं, म्हणजे बाहेरची क्रिया. पण पावसाने ओढ दिली आणि सोयाबीन दुपारी माना टाकू लागलं की 'पिकाला ताण बसला' म्हणतो, तेव्हा तो आतला परिणाम असतो. वनस्पतिशास्त्रात लेविट याने १९७२ च्या ग्रंथात ही उसनवारी उघडपणे आणि प्रामाणिकपणे केली. बाहेरचा घटक म्हणजे स्ट्रेस, झाडातला बदल म्हणजे स्ट्रेन, आणि तो बदल परत फिरणारा आहे की कायमचा, हेही वेगळं. लक्षात घ्या, त्याने स्ट्रेसला बाहेर ठेवलं, अभियंत्याने आत ठेवलं होतं. तरी चालतं, कारण त्याने व्याख्या दिली आणि शेवटपर्यंत पाळली.

आणखी एक गंमत. मातीतल्या पाण्याची ओढही मेगापास्कलमध्येच मोजतात. उणे १.५ ला बहुतेक पिकं कायमची कोमेजतात असं धरलं जातं. वरच्या भिंतीत ०.०८ होतं. म्हणून सोयाबीनवर भिंतीपेक्षा वीसेक पट ताण आहे, असं म्हणायचं का? अर्थातच नाही. एकक एक असलं म्हणून राशी तुलनेच्या होत नाहीत. तुलना करायची ती प्रत्येकाची त्याच्या स्वतःच्या मर्यादेशी.

भार आणि परिणाम सरळ रेषेत जातात, हाही गैरसमज. उसाच्या हंगामात रेणापूर तालुक्यातल्या रस्त्यांवर भरलेल्या ट्रॉल्या बघा. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ता-चाचणीतून निघालेला ढोबळ नियम असा की रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट, तर झीज सोळा पट. 'थोडा जास्त माल' हा रस्त्यासाठी थोडा नसतो.

आता माणसाकडे. हान्स सेल्ये याने १९३६ मध्ये 'नेचर'मध्ये छोटं टिपण लिहिलं, आणि पुढे स्ट्रेस हा शब्द शरीरासाठी रूढ केला. त्याने नंतर मान्यही केलं की इंग्रजी जास्त चांगलं येत असतं तर आपण 'स्ट्रेन' शब्द घेतला असता. म्हणजे मुळातच शब्द घसरलेला. मराठीत तो दुरुस्त करायची सोय नाही, कारण स्ट्रेनचा प्रतिशब्द 'विकृती'. विद्यार्थ्यांतील विकृतीचा अभ्यास असं शीर्षक दिलंत तर व्हायवाला काय होईल ते तुम्हीच ठरवा!

पण खरी अडचण शब्दाची नाही, चक्राची आहे. कारणालाही ताण आणि परिणामालाही ताण म्हटलं की 'ताण वाढल्याने ताण वाढतो' हे सिद्ध करायला दोनशे प्रश्नावल्या लागतात. कोहेन आणि सहकाऱ्यांची १९८३ ची ताणमापिका बरेच जण वापरतात. ती विचारते की गेल्या महिन्यात गोष्टी हाताबाहेर गेल्यासारख्या वाटल्या का. ती भार मोजत नाही. माणसाला तो कसा जाणवला ते मोजते. चांगलं साधन आहे, पण त्यावरून 'अभ्यासक्रमाचा भार जास्त आहे' किंवा 'नाही' असं म्हणता येत नाही. भार वेगळा मोजा: क्लासचे तास, झोपेचे तास, फीसाठी काढलेलं कर्ज, चाचण्यांची संख्या.

तसंच 'थोडा ताण हवाच' म्हणून उलट्या यू आकाराचा आलेख दाखवतात, आणि खाली यर्किस-डॉडसन १९०८ असं लिहितात. मूळ प्रयोग उंदरांवरचा होता. विजेच्या झटक्याची तीव्रता आणि फरक ओळखायला शिकण्याचा वेग यांचा तो संबंध होता. त्यावरून लातूरच्या वसतिगृहातल्या सतरा वर्षांच्या मुलीला किती ताण 'योग्य', हे सांगणं म्हणजे ०.०८ आणि १.५ ची तुलना करण्यासारखंच.

आणि यात पणाला काय लागलंय ते नीट बघा. 'लातूर पॅटर्न'वरचे किंवा स्पर्धा परीक्षांवरचे प्रबंध वाचाल तर शेवटच्या प्रकरणातल्या शिफारशी बऱ्याचदा सारख्या असतात: योगासनं, समुपदेशन, वेळेचं नियोजन. या सगळ्या पदार्थाच्या बाजूच्या शिफारशी, म्हणजे भिंत मजबूत करा. वाईट नाहीत. पण छतावरच्या आठ टनांबद्दल एक ओळ नाही. ताण मुलाच्या आत आहे असं एकदा ठरलं की मोडलं तर तोच कच्चा ठरतो. किल्लारीत दगडावर खापर फुटलं, तसंच.

रूपक टाकून द्या असं मी म्हणत नाही. १९९३ मध्येच मॅक्एवन आणि स्टेलर यांनी 'ॲलोस्टॅटिक लोड' ही कल्पना मांडली: रोज रोज जुळवून घेण्याची शरीराला पडणारी झीज. धातूच्या थकव्याशी, म्हणजे छोट्या पण वारंवार येणाऱ्या भाराने आस तुटण्याशी, तिचं नातं दिसतं आणि ते विचाराला चालना देतं. पण रूपक कुठे थांबतं तेही लिहा. लोखंडही ठोकून कडक होतं, पण परीक्षेच्या आदल्या रात्री ते घाबरत नाही. माणूस भार येण्याआधीच वाकतो, आणि कुणी सोबत असेल तर तोच भार वेगळा पेलतो.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना पाच प्रश्नांची उत्तरं एकेका वाक्यात लिहून काढा. भार कोणता, आणि तो बाहेरून कसा मोजणार? तो कुणावर, आणि किती जणांत वाटला जातोय? आत काय घडतं, आणि ते भारापासून वेगळं कसं मोजणार? मर्यादा कुठे आहे, आणि ती ओलांडल्यावरचा बदल परत फिरतो का? आणि भार एकदाच येतो की रोज? पाचपैकी एखादं उत्तर जमलं नाही तर हरकत नाही, पण मग त्या जागी 'त्याचप्रमाणे' लिहू नका. जागा कोरी ठेवा. तुमचं संशोधन बहुधा त्या कोऱ्या जागेतच आहे.