बेटावरची दहा माणसे

शब्बाथ संपून हावदाला झाली की आमच्या घरी पूर्वी पत्ते निघत. आता टेलिव्हिजन लागतो. गेल्या महिन्यात नातवाने एक इंग्रजी मालिका लावून दिली आणि "सबा, तीनच भाग आहेत, तुमच्या पेंगण्याआधी संपेल," असे सांगून तो निघून गेला. भाग तीनच, हे खरे. झोप मात्र तीन रात्री नीट लागली नाही.

मालिका बी.बी.सी.ची. २०१५ सालच्या डिसेंबरात लागोपाठ तीन रात्री ती प्रथम दाखवली गेली. अगाथा ख्रिस्तीच्या १९३९ सालच्या प्रसिद्ध कादंबरीवरून सारा फेल्प्स या बाईंनी ती लिहिली आहे. डेव्हनच्या किनाऱ्याजवळ एक बेट, बेटावर एकच घर आणि तेथे निरनिराळ्या मिषाने आणलेले आठ पाहुणे व दोन नोकर. यजमानाचा पत्ता नाही. जेवण आटोपल्यावर ग्रामोफोनची तबकडी लागते आणि एक आवाज एकेकाचे नाव घेऊन त्याने कोणाचा जीव घेतला ते सांगतो. मग एकेक जण मरू लागतो आणि दर मरणामागे टेबलावरची एक हिरवी बाहुली नाहीशी होते. खुनी कोण ते आम्ही सांगणार नाही. ज्यांना आठवत नाही त्यांची मौज का घालवावी?

पुष्कळांना आठवेल, कारण हीच गोष्ट १९६५ साली 'गुमनाम' होऊन आपल्यापुढे आली होती. दिग्दर्शक राजा नवाथे. मनोजकुमार, नंदा, प्राण, हेलन आणि आपले धुमाळ. आम्ही मॅट्रिकचा अभ्यास सोडून तो भायखळ्याला पाहिला आणि घरी येऊन बोलणी खाल्ली. त्या चित्रपटात भीती वाटू लागली की गाणे सुरू होई व जीव भांड्यात पडे. या मालिकेत तशी सोय नाही. वारा, लाटा, आणि जिन्यावर कोणाची तरी पावले. पहिला भाग पाहताना, आता दार उघडून मेहमूद लुंगी नेसून येईल अशी आम्ही मनातल्या मनात वाट पाहत होतो.

आपली पिढी बाबूराव अर्नाळकरांवर वाढलेली. झुंजार असो, काळापहाड असो की धनंजय, शेवटच्या पानापर्यंत वाईट माणूस सापडणार आणि आपण दिवा मालवून झोपणार याची खात्री असे. ख्रिस्तीबाईंच्या या पुस्तकात हेर नाहीच. पोलीस येतात ते सारे संपल्यावर. मधल्या काळात साक्षीदार नाही, उलटतपासणी नाही, थेट शिक्षा. मिश्नाने सात वर्षांत एकाला देहदंड देणाऱ्या सनहेद्रिनलाही घातकी म्हटले आहे; येथे तर तीन-चार दिवसांत घर रिकामे होते.

आता आमची तक्रार. पुस्तकातली बहुतेक माणसे अशी आहेत की त्यांनी हाताने कोणाला मारलेले नाही. नोकर जोडप्याने आजारी मालकिणीला वेळेवर औषध दिले नाही. सेनापतीने बायकोच्या मित्राला मरण निश्चित होते अशा कामगिरीवर पाठवले. पोलिसाने खोटी साक्ष दिली आणि निरपराध माणूस तुरुंगात मेला. कायद्याला यांतले काही धरता येत नाही, म्हणूनच तर ती कथा उभी राहते. मालिकेत काय केले आहे? नोकर उशीने मालकिणीचा श्वास कोंडतो, सेनापती स्वतः गोळी झाडतो, पोलीस कोठडीत माणसाला लाथांनी ठार करतो. सगळे रक्त डोळ्यांपुढे. दिसायला भयंकर, पण आमच्या मते गोष्ट हलकी झाली. आपल्यापैकी कोणी उशी हातात घेतलेली नसते. औषध द्यायला उशीर मात्र कोणाच्या हातूनही होतो. पुस्तक वाचताना आम्हाला स्वतःची भीती वाटली होती. मालिका पाहताना फक्त त्यांची वाटली.

याला अपवाद एमिली ब्रेंट. गरोदर राहिलेल्या मोलकरणीला तिने घराबाहेर काढले आणि त्या पोरीने जीव दिला, एवढाच तिचा गुन्हा, आणि तो मालिकेतही तसाच ठेवला आहे. मिरांडा रिचर्डसन हिने हातात विणकाम आणि तोंडात बायबल घेऊन ही बाई अशी केली आहे की आम्हाला बालपणीच्या चाळीतल्या दोन-तीन मावश्या आठवल्या. चार्ल्स डान्स न्यायमूर्तींच्या भूमिकेत नुसता खुर्चीत बसला तरी पाहत राहावे. तिसऱ्या भागात उरलेली मंडळी दारू व कोकेन घेऊन नाचतात, तो प्रकार पुस्तकात नाही आणि नसता तर बरे झाले असते. टॉवेल गुंडाळून फिरणाऱ्या लोम्बार्डविषयी आमच्या घरातून वेगळे मत आले. ते येथे देत नाही.

पण हा लोम्बार्ड आमच्या मनातून जात नाही. पुस्तकात त्याने आफ्रिकेत एकवीस माणसे उपाशी मरायला टाकून दिली आणि त्याचे त्याला काही वाटले नाही. मालिकेत त्याने हिऱ्यांसाठी त्यांना मारले आहे. दोन्हीकडे त्या एकविसांपैकी एकाचेही नाव आम्हाला कळत नाही. कोठडीत मेलेल्या तरुणाला नाव आहे, बुडालेल्या मुलाला आहे, मोलकरणीला आहे.

हे आम्हाला टोचते त्याला कारण आहे. पुस्तक आम्ही प्रथम मुंबईत इंग्रजीत वाचले. त्यात मॉरिस नावाचा एक दलाल आहे आणि लोम्बार्ड त्याचा विचार करतो तो ज्यू म्हणून, कुत्सितपणे. आम्ही पुस्तक मिटून बसलो. कोकणात आपल्याला शनिवार तेली म्हणत, पण त्यात तिरस्कार नव्हता. हे काही निराळेच होते. पुढे अलियाह करून आलो, उल्पान झाला, शाळेत शिकवू लागलो, आणि तेच पुस्तक येथल्या वाचनालयात हिब्रूत दिसले. नाव 'असारा कुशिम क्तानिम'. मूळ इंग्रजी नावातही काळ्या माणसांसाठीची शिवीच होती. त्याच आठवड्यात शाळेच्या पटांगणात आपल्या समाजातल्या एका मुलाला दुसऱ्या मुलाने 'कुशी' म्हणून ढकलले होते. मुलगा आमच्याकडे आला आणि त्याने विचारले, "मोरे, कुशी म्हणजे काय?" आम्ही त्याला शब्दकोशातला अर्थ सांगितला. शिक्षकाने यापेक्षा अधिक सांगायला हवे होते, हे आम्हाला तेव्हाही कळत होते.

आता बेटाचे नाव 'सैनिकांचे बेट' आहे. मॉरिसविषयीचे शब्दही पुढे काही आवृत्त्यांतून निघाले. चांगले झाले. ते एकवीस जण मात्र बिननावाचेच राहिले.

शेवट मालिकेने बदलला आहे. पुस्तकात सगळे संपल्यावर बाटलीतून सापडलेल्या कागदातून उलगडा होतो. येथे खुनी स्वतः समोर येऊन बोलतो. पाहायला जोरदार आहे, पण पुस्तकातली ती रिकाम्या घराची शांतता त्यात गेली.

ज्यांना पाहायची आहे त्यांनी दिवेलागणीलाच बसावे. हिब्रू अक्षरे भरभर सरकतात, तेव्हा चष्मा पुसून ठेवावा. वरच्या मजल्यावर एक रशियन बाई राहतात. त्यांचे म्हणणे की १९८७ साली गोवोरुखिन यांनी केलेला सोव्हिएत चित्रपट या सर्वांहून सरस आहे आणि त्यात पुस्तकाचाच शेवट आहे. आम्हाला रशियन येत नाही. पुढच्या मंगळवारी त्या खाली येणार आहेत, शेजारी बसून हिब्रूत सांगणार आहेत. चहा आमचा, त्यात घालायचा मुरंबा त्यांचा.