पेट्री डिशमधलं मीठ आणि शेतातलं मीठ

खरबुजाच्या बियांवर खाऱ्या पाण्याचा काय परिणाम होतो, या विषयावरचे दहा पेपर सलग वाचा. पाचव्यापर्यंत पोचलात की पुढचे न वाचताही सांगता येतील. बिया धुतल्या, पेट्री डिशमध्ये गाळणकागदावर मांडल्या, सोडियम क्लोराइडची चार-पाच द्रावणं केली, डिश २५ अंशांच्या आसपास ठेवल्या. मूलांकुर २ मिलीमीटर बाहेर आला की ‘उगवली’ अशी नोंद. आठ-दहा दिवसांनी टक्के काढले, मुळाची आणि खोडाची लांबी मोजली, ग्राफ काढला. निष्कर्ष ठरलेला: मीठ वाढलं की उगवण लांबते, मग कमी होते, अमुक जात ‘सहनशील’, तमुक ‘संवेदनशील’.

यात खोटं काही नाही. प्रयोग स्वस्त आहे, पुन्हा करून पाहता येतो, आणि मास्टर्सच्या एका सत्रात बसतो. आपल्या ऐकणाऱ्यांपैकी कुणी बीरशेबात, कुणी डेव्हिसमध्ये, कुणी आखातातल्या एखाद्या विद्यापीठात नेमकं हेच करत असेल. माझी तक्रार वेगळी आहे. या प्रयोगाचं उत्तर ज्या प्रश्नाला लागू पडतं, तो प्रश्न मचूळ पाण्यावर खरबूज लावणाऱ्या माणसाचा नाहीच.

आधी बी बघू. बी पाणी शोषतं ते आतल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या ‘ओढी’तल्या फरकामुळे. बाहेरचं पाणी खारं असेल तर हा फरक कमी होतो आणि बी हळू फुगतं. म्हणून आधी बिघडतो तो उगवणीचा वेग, अंतिम टक्केवारी नंतर. खरबुजाच्या बीची आणखी एक गंमत आहे. टरफलाच्या आत गर्भाभोवती एक पातळ आवरण असतं, ते पाणी आत सोडतं पण विरघळलेले क्षार बऱ्याच अंशी बाहेर ठेवतं. डेव्हिसच्या यिम आणि ब्रॅडफर्ड यांनी १९९८ मध्ये दाखवलं की या गुणामागे त्या आवरणातला कॅलोज नावाचा पदार्थ आहे.

आता ते २ मिलीमीटर आठवा. मूलांकुर हे आवरण फोडून बाहेर येतो त्याच क्षणी आपण ‘उगवली’ म्हणून खूण करतो. म्हणजे बी संरक्षणाखाली असेपर्यंतच आपण मोजलं, आणि उघड्या मुळाला सोडियम-क्लोराइड भेटायला लागल्यावर मोजणी संपवली! उगवणीचे टक्के चांगले आले म्हणून त्या जातीला ‘क्षार-सहनशील’ म्हणणं म्हणजे चिलखत घालून लढलेल्याला ‘याला तलवार लागत नाही’ असं सर्टिफिकेट देण्यासारखं आहे.

‘पण आम्ही रोपाची वाढही मोजतो,’ असं उत्तर येईल. मोजता, पण किती दिवस? राना मन्स आणि मार्क टेस्टर यांचा २००८ मधला आढावा या क्षेत्रात सगळेच उद्धृत करतात. त्यातली मूळ मांडणी अशी: क्षारांचा पहिला फटका पाण्याच्या ताणाचा असतो आणि तो लगेच बसतो, दुसरा फटका पानांत सोडियम साठत गेल्याचा, तो सावकाश येतो. सोडियम पानांपर्यंत पोचू न देण्याची हातोटी जातीजातींत वेगळी असते, पण ती दिसायला दुसरा टप्पा यावा लागतो. दहा दिवसांचं रोप बहुतेक पहिल्याच टप्प्यात असतं. तिथे दोन जातींतला फरक दिसला तर तो बियांच्या आकाराचा, वयाचा किंवा साठवणुकीचाही असू शकतो. मन्स-टेस्टर संदर्भयादीत टाकायचे आणि प्रयोग मात्र पहिल्या टप्प्यावर थांबवायचा, हे मला खटकतं.

दुसरा मुद्दा मिठाचा. शेतातलं खारं पाणी म्हणजे पाण्यात विरघळवलेलं सोडियम क्लोराइड नव्हे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सल्फेट, बायकार्बोनेट हेही असतात. कॅल्शियम मुळांच्या पेशींचं आवरण शाबूत ठेवतं आणि सोडियमच्या गर्दीतही पोटॅशियम उचलायला मदत करतं. नुसतं सोडियम क्लोराइड दिलेलं रोप म्हणूनच कधी कधी खऱ्या विहिरीच्या पाण्यापेक्षा जास्त वाईट अवस्थेत दिसतं. उलटही घडतं. विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा घ्या. तिथल्या काळ्या चिकण मातीत सोडियममुळे मातीची घडणच मोडते, निचरा होत नाही, वर पपडी धरते. बी उगवलं तरी कोंब वर येईना. ही अडचण गाळणकागदावर कधीच दिसणार नाही, कारण गाळणकागदाला पपडी धरत नाही.

तिसरा मुद्दा आकड्यांचा. क्षारतेच्या नेहमीच्या कोष्टकात खरबूज ‘मध्यम संवेदनशील’ गटात येतं. मातीच्या अर्कातली क्षारता १ डेसीसिमेन्स प्रति मीटरपर्यंत उत्पादन ढळत नाही; त्यापुढे दर एककाला सुमारे ८.४ टक्के घट. पाणी ४ डेसीसिमेन्सचं असेल तर जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या १९८५ च्या ठोकताळ्याने, बेताचा निचरा धरून, मातीत सुमारे दीडपट म्हणजे ६ होते. हिशोब: ५ गुणिले ८.४, म्हणजे ४२ टक्के घट. रेताड जमीन आणि रोजचं ठिबक असेल तर परिस्थिती बरी असते, तरी घट उरतेच. आता ४ डेसीसिमेन्स म्हणजे डिशमधलं साधारण ४० मिलिमोलरचं द्रावण. तिथे चांगल्या बियांची उगवण फारशी ढळलेली दिसत नाही. तेच बी, तेवढंच खारं पाणी. पेपर म्हणतो ‘चालेल’, शेत म्हणतं जवळजवळ निम्मं गेलं.

शिवाय शेतात क्षार एका जागी थांबत नाहीत. ठिबकच्या तोटीजवळ ते धुतले जातात आणि ओलाव्याच्या कडेला साठतात. ऊन वरचं पाणी उडवतं, मीठ वर राहतं. बी नेमकं तिथे, वरच्या दोन-तीन सेंटीमीटरमध्ये असतं. तोटीपासून चार बोटांवर पेरलेल्या आणि वीतभर अंतरावर पेरलेल्या बीला पाणी एकाच नळीतून मिळतं, पण खारेपणा वेगळा भेटतो. झाकण लावलेल्या डिशला हा भूगोलच नाही.

मग करायचं काय? नेगेव्हकडे बघा. दिमोना, येरुहाम, बीरशेबा ही नावं आपल्याकडच्या बेने इस्राएली घरांत चांगलीच ओळखीची आहेत. त्या वाळवंटाखाली मचूळ पाण्याचा मोठा साठा आहे आणि गोडं पाणी महाग. तिथल्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या मेंडलिंगर आणि पास्टरनाक यांनी १९९२ मध्ये खरबुजाबद्दल विचारलेला प्रश्न मला म्हणूनच आवडतो: पिकाला खारं पाणी *कधीपासून* दिलं तर फुलं, उत्पादन आणि फळाची प्रत यांचं काय होतं? ‘किती मीठ सोसेल’ याच्या जागी ‘केव्हा सोसेल’. स्पेनमध्ये गालिया खरबुजावर पुढे झालेलं कामही याच वाटेने गेलं. खाऱ्या पाण्यावर फळ लहान राहतं, पण अनेकदा गोडी वाढते. म्हणजे तोटा आणि फायदा एकाच फळात असतात.

असा प्रश्न विचारला की उगवणीच्या प्रयोगालाही अर्थ येतो. कोवळ्या रोपाला पाणी थोडंच लागतं. ते पहिले काही आठवडे जपून ठेवलेलं गोडं पाणी द्यायचं, की रोपं ट्रेमध्ये वाढवून लावायची, की पहिल्या दिवसापासून मचूळच चालेल? उगवणीचा वेग, कोंब मातीतून वर येण्याचं प्रमाण आणि तीन-चार आठवड्यांच्या रोपाच्या पानांतलं सोडियम, एवढं सांगणारा पेपर या निर्णयात मदत करतो. नुसती टक्केवारी नाही करत.

थीसिस करणाऱ्यांना म्हणून एवढंच सुचवीन. डिश फेकू नका, पण तिच्याशेजारी मातीचा एक ट्रे ठेवा. एका द्रावणात कॅल्शियम घाला. एक गट तेवढाच पाण्याचा ताण देणाऱ्या पण बिनमिठाच्या द्रावणात ठेवा, म्हणजे नुकसान ताणाचं किती आणि सोडियमचं किती ते वेगळं करता येईल. आणि ज्या विहिरीचं नाव प्रस्तावनेत घेणार आहात, तिचं पाणी एकदा तरी त्या बियांवर घालून बघा.