'द ग्रेट डिरेंजमेंट' : खारबांधावरून एक वाचन

अमिताव घोष यांचे 'द ग्रेट डिरेंजमेंट' हे पुस्तक २०१६ साली प्रसिद्ध झाले. मुंबईवर चक्रीवादळ आदळले तर काय ओढवेल, याचा विचार त्यात होता. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ मुंबई चुकवून अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला लागले आणि मुरूड-श्रीवर्धनकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या त्याने आडव्या केल्या. मुंबईने सुटकेचा निःश्वास सोडला. आम्हांस मात्र हे पुस्तक रायगडच्या किनाऱ्यावरून पुन्हा वाचावेसे वाटले.

घोष यांचा मुख्य आक्षेप साहित्यावर आहे. आधुनिक कादंबरी एकट्या माणसाच्या नैतिक प्रवासात रमली. असंभाव्य वाटणारी घटना आणि माणसांचा समूह या दोहोंना तिने उंबऱ्याबाहेर ठेवले. हवामानबदल हे तर समूहाचे संकट. त्यामुळे ऐन गरजेच्या वेळी साहित्य मुके राहिले. हा आक्षेप मार्मिक आहे आणि मराठीलाही लागू पडतो. आपल्या कोकणविषयक लेखनात समुद्र पुष्कळ आहे. समुद्राला अडवणारा बांध आणि तो राखणारा गाव मात्र क्वचितच भेटतो.

वास्तविक पेण-अलिबागच्या खारपट्ट्याचे जीवन या बांधावरच उभे आहे. खाजणास मातीचा बांध घालायचा, ओहोटीला पाणी बाहेर जावे व भरतीचे आत येऊ नये म्हणून उघाडी ठेवायची, पावसाने खार धुऊन निघाला की भात लावायचा, अशी ही शेती. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरात शिलोत्री पद्धतीची नोंद आहे. बाहेरचा बांध शिलोत्रीदाराने राखावा आणि त्यापोटी कुळांनी ठरावीक धान्य द्यावे, असा तो व्यवहार. तो न्याय्यच होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु बांध कोणी राखायचा, हे गावाला ठाऊक होते. पुढे १९४८ व १९७९ च्या खारभूमी कायद्यांनी बांधांचे काम शासकीय योजनांत आणले. आता उधाणाने खांड पडली की अर्ज, अंदाजपत्रक आणि प्रतीक्षा. तोवर शेत खारावते आणि त्यात कांदळवन उगवते. ते तोडण्यास उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने मनाई आहे. कांदळवन लाटांचा जोर मोडते, म्हणून ते राखणे योग्यच; पण शेत गेलेल्या कुटुंबाने काय करावे?

अशा प्रश्नापाशी घोष यांचे पुस्तक आम्हांस अपुरे वाटते. सुंदरबनच्या बेटांवर 'द हंग्री टाइड' (२००४) ही कादंबरी त्यांनीच लिहिली आहे. तीही बेटे बांधाच्या आधारानेच राहण्याजोगी झाली, हे तो कादंबरीकार पुरते जाणतो. निबंधकार मात्र मुंबईशी येऊन थांबतो. खाडीपलीकडचा खारपट्टा त्याला दिसत नाही. समूह हवा, असे तो बजावतो. समूह जुळतो कसा, हे सांगत नाही. शेतकऱ्याला उघाडी मिटलेली हवी असते, कोळ्याला खाडी वाहती हवी असते. बांधाच्या आतला आणि बाहेरचा अशा दोघांना एका ओटीवर बसवणे, हीच खरी योजना होय, आणि तीच सर्वांत अवघड.

पुस्तकाच्या अखेरच्या भागात २०१५ सालच्या दोन दस्तऐवजांची तुलना आहे : पॅरिस करार आणि दिवंगत पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे परिपत्रक. कराराची भाषा घोष यांना आडवळणी वाटते, परिपत्रकाची सरळ व मोकळी. धर्मसंस्था लोकचळवळींबरोबर आल्या तर काही घडेल, अशी आशा ते व्यक्त करतात. आम्ही ही प्रशंसा आनंदाने स्वीकारतो. परंतु ती आपल्यावर एक कर्ज ठेवते. परिपत्रक पृथ्वीचे आणि गरिबाचे दुःख वेगळे मानत नाही. कोर्लईसारख्या, एका अंगाला समुद्र व दुसऱ्या अंगाला खाडी असलेल्या गावात हे वाक्य प्रवचनापुरते उरू नये. कोणाच्या घरात उधाणाचे पाणी प्रथम शिरते, वादळात म्हाताऱ्यांना कोठे न्यायचे, दुरुस्तीला कोणाचे किती हात, याची यादी धर्मग्रामाने इतरधर्मीय शेजाऱ्यांसह एकत्र बसून करावी.

घोष यांचे पुस्तक जरूर वाचावे. ते आपल्याला खडबडून जागे करते. मात्र जागे झाल्यावर बांधावर जायचे असते, आणि ती वाट पुस्तकात नाही. ती आपल्याच गावातून जाते.