निद्रा, निर्वासन आणि भय : एका उपपत्तीचे परीक्षण

निर्वासितांच्या निद्रेचा विचार बहुधा निद्रानाश व दुःस्वप्ने यांपाशी थांबतो. शेली अ‍ॅडलर यांच्या ‘स्लीप पॅरालिसिस’ (२०११) या ग्रंथातील प्रश्न याहून गंभीर आहे : निर्वासिताला निद्रेतच मृत्यू का यावा?

लाओसच्या डोंगराळ मुलुखातील अनेक ह्मोंग युद्धात अमेरिकेच्या बाजूने लढले. १९७५ साली सत्तांतर होताच हजारो कुटुंबे मेकाँग ओलांडून थायलंडच्या छावण्यांत आणि तेथून अमेरिकेत गेली. १९७७ पासून त्यांच्यातील व आग्नेय आशियातील इतर निर्वासितांतील धडधाकट पुरुष झोपेत दगावू लागले. १९८८ पर्यंत अशा ११७ मृत्यूंची नोंद झाली. त्यांत स्त्री एकच होती. १९८१ नंतर मात्र हे प्रमाण ओसरले.

मन जागे पण देह निश्चल, आणि छातीवर कोणी बसल्याचा भास, हा अनुभव ह्मोंग लोक ‘दा चो’ या दुष्ट शक्तीचा हल्ला मानतात. मायदेशी पूर्वजांचे विधी हे त्यावरील संरक्षण होते. पुनर्वसनात कुळे विखुरली, विधी खंडित झाले आणि ते पार पाडण्याची जबाबदारी असलेला पुरुष भयाने ग्रासला. या भयाने हृदयातील मूळच्या दोषाला चालना दिली, अशी अ‍ॅडलर यांची उपपत्ती आहे.

या उपपत्तीचे बळ कालक्रमात आहे. १९९२ साली वर्णिलेल्या ब्रुगाडा विकाराशी या मृत्यूंचे नाते २००२ मध्ये जनुकीय संशोधनाने दाखविले. परंतु आनुवंशिक दोष काही वर्षांत ओसरत नाही. म्हणून मृत्यूंची ही चढउतार केवळ जनुकांनी उलगडत नाही. उलटपक्षी, फिलिपाईन्समध्ये ‘बांगुंगोत’ व थायलंडमध्ये ‘लाइ ताइ’ या नावांनी असेच मृत्यू स्वदेशी नांदणाऱ्यांतही परिचित आहेत. तेव्हा निर्वासन हे त्यांचे एकमेव कारण नव्हे. शिवाय ब्रुगाडा विकार मुळातच पुरुषांत अधिक आढळतो. मृतांतील पुरुषांच्या बहुसंख्येसाठी विधींच्या जबाबदारीचा आधार घेण्याचे कारण उरत नाही. सर्वांत मोठी उणीव पुराव्याची आहे. साक्षी जिवंतांच्या आहेत. मृतांनी अखेरच्या क्षणी काय अनुभवले, हे अनुमानच राहते.

तथापि ग्रंथाचे मोल कमी होत नाही. घर व रोजगार मिळाला म्हणजे पुनर्वसन पुरे झाले, या समजुतीला तो धक्का देतो. माणसाची निश्चिंत झोप आप्तांच्या सान्निध्यावर आणि परंपरेच्या आधारावरही अवलंबून असते. मृत्यूचे कारण म्हणून हे अद्याप सिद्ध झालेले नाही. पुनर्वसनाचे धोरण आखताना मात्र ते दुर्लक्षून चालणार नाही.