आगीच्या वृत्तातील धूर

आगीचे वर्तमानपत्री वृत्त हा मराठी गद्याचा एक उपेक्षित प्रकार आहे. त्याचा साचा ठरलेला असतो : आगीने ‘रौद्र रूप धारण’ करावयाचे, जवानांनी ‘शर्थीचे प्रयत्न’ करावयाचे, आग ‘आटोक्यात’ यावयाची आणि ‘सुदैवाने जीवितहानी नाही’ या वाक्याने पडदा पडावयाचा. या साच्याला नावे ठेवणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू नाही; मध्यरात्री मजकूर पाठविणाऱ्या बातमीदाराकडून शैलीची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. प्रश्न वेगळा आहे. या गद्यात धुराचे स्थान कोणते? तो ‘लोट’ होऊन आकाशात जातो आणि दुरून दिसतो. आग विझविणाऱ्याच्या छातीत मात्र तो जात नाही.

छातीत जातो तो एकाच क्रियापदाच्या आश्रयाने : गुदमरणे. परंतु गुदमरणे ही तात्काळ घडणारी क्रिया आहे. तिचा शेवट मृत्यूत होतो किंवा सुटकेत. १८ मे २०२५ रोजी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जणांचा मृत्यू झाला. असल्या दुर्घटनेत मृतांची मोजणी लवकर पुरी होते. आत शिरलेल्यांच्या फुप्फुसांचा हिशेब कोणत्या दिवशी मांडावयाचा, हे सांगणारा काळ आपल्या वृत्तगद्यात नाही. १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटात मृत्यू पावलेल्या ६६ अग्निशामकांची स्मृती दरवर्षी जागविली जाते, आणि ते योग्यच आहे. पण वीस वर्षे धूर घेऊन निवृत्तीनंतर खोकत राहणाऱ्यासाठी तिथी कोठून आणावी?

वणव्याच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. ‘वणवा’ हा शब्द ‘वनदव’ या संस्कृत शब्दापासून प्राकृतामार्गे आला. (मराठीत ‘दव’ म्हणजे पहाटेचे थेंब, त्या दवाचा या दवाशी संबंध नाही.) शब्दात वन आहे, अग्नी आहे, धूर नाही. ८ एप्रिल २०२१ रोजी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पातील वणवा विझविताना तीन वनमजूर मृत्युमुखी पडले, तेव्हा ज्वाळांचे वर्णन पुष्कळ झाले. परंतु वनमजुराचे नित्याचे काम ज्वाळांपेक्षा धुरातच अधिक चालते. शहरातील अग्निशामक पाठीवर हवेचे नळकांडे घेऊन आत जाऊ शकतो. ते तासाभराच्या आतच संपते. डोंगरउतारावर तासन्‌तास हिरव्या फांद्यांनी आग झोडपणाऱ्याला, जाळरेषा राखणाऱ्याला ते वाहून नेणे शक्यच नसते. तो तोंडाला रुमाल बांधतो. रुमाल राख अडवितो. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण त्यातून आत जातात व थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. कार्बन मोनॉक्साइडला तर रंगही नाही आणि वासही नाही. ‘धुराचे लोट’ हे वर्णन दिसणाऱ्या धुराचे आहे. अपाय बराचसा न दिसणाऱ्यात आहे. वणव्याच्या एका हंगामाच्या आधी व नंतर तपासलेल्या जवानांची श्वसनक्षमता घटलेली आढळल्याचे परदेशी अभ्यास सांगतात. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाच्या व्यवसायातील संसर्गालाच कर्करोगकारक ठरविले. फुप्फुसावरणाचा मेसोथेलिओमा आणि मूत्राशयाचा कर्करोग यांविषयी पुरावा पुरेसा मानला गेला.

आता ‘दम’ हा शब्द पाहा. फारसीत त्याचा अर्थ श्वास; त्याच कुळातला ‘दमा’. मराठीत मात्र दम लागतो, दम खाल्ला जातो, दम धरला जातो, दम दिला जातो, आणि धाडसी माणसात दम असतो. श्वासाने धैर्याचा अर्थ घेतला आणि धैर्यानेच श्वासाला झाकून टाकले. ज्याच्यात दम आहे त्याला दम लागतो असे म्हणणे आपल्या कानाला विसंगत वाटते. शौर्याची भाषा आरोग्याच्या भाषेला अशी आडवी येते.

सोलापूरला याचा एक प्रतिपक्ष ठाऊक असावयास हवा. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून या शहराने कापसाची धूळ घेतली. त्या धुळीच्या विकाराला वैद्यकाने ‘बिसिनोसिस’ हे नाव दिले, आणि १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत त्याला पुढे स्थान मिळाले. नाव मिळाले म्हणून दावा करता आला. धुराने जडणाऱ्या विकाराला मराठीत असे एक रूढ नाव नाही. ‘जुना खोकला’, ‘छाती भरणे’ यांवरच भागविले जाते.

सात रस्त्यावरून घंटा वाजवीत जाते त्या गाडीला आपण ‘बंब’ म्हणतो. (‘सात’ असूनही रस्ता एकवचनी; स्थलनामांना व्याकरणाची सूट असते.) पोर्तुगीज ‘बोंबा’पासून आलेला हा शब्द यंत्राचा आहे, आतील माणूस त्यावरून साधलेला ‘बंबवाला’.

पारिभाषिक अडचण आणखी एक आहे. ‘एक्स्पोजर’साठी आपण कधी ‘संपर्क’ म्हणतो, कधी ‘संसर्ग’. वर मीही तेच केले आहे. ‘संपर्का’त स्पर्श आहे, ‘संसर्गा’त जंतू आहेत, किती तास, किती वर्षे, हे दोहोंत नाही. ‘मात्रा’ हा वैद्यकातला जुना शब्द येथे जवळचा वाटतो, परंतु मात्रा औषधाची असते. नवा शब्द घडविण्यापूर्वी विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी जिल्ह्यातील वनमजुरांच्या व अग्निशामकांच्या बोलीत या अर्थाचा शब्द आधीच वावरत आहे काय, हे जाऊन ऐकावे.