नकाराची नोंद : घरगुती ऊर्जा-उपकरणांच्या समान मानकाची चिकित्सा

तांत्रिक मानक हा समीक्षेचा विषय नव्हे, असा समज आपल्या विद्यापीठीय वर्तुळात रूढ आहे. मानक अभियंत्यांनी वाचायचे आणि त्याच्या परिणामांची चर्चा समाजशास्त्रज्ञांनी करायची, अशी ही विभागणी. प्रस्तुत लेखात ती बाजूला ठेवून घरगुती उपकरणांसाठीच्या ‘मॅटर’ या मानकाचा ऊर्जाविषयक भाग एक संहिता म्हणून वाचला आहे. या संहितेतील सर्वांत मोलाचा भाग जोडणीचा नसून नकाराचा आहे आणि व्यवहारात नेमका तोच हरवण्याचा संभव आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, गूगल आणि झिग्बी अलायन्स यांनी डिसेंबर २०१९ मध्ये या प्रकल्पाची घोषणा केली. (झिग्बी अलायन्सने २०२१ मध्ये ‘कनेक्टिव्हिटी स्टँडर्ड्स अलायन्स’ हे नाव धारण केले.) पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली, तिचा भर दिवे, प्लग, कुलपे यांसारख्या वस्तूंवर होता. ऊर्जेचा विषय मे २०२४ मधील १.३ या आवृत्तीत आला आणि नोव्हेंबर २०२४ च्या १.४ मध्ये सौर यंत्रणा, बॅटरी व पाणी तापवण्याची यंत्रे समाविष्ट झाली.

संवादासाठी समान लिपी पुरत नाही, हे मराठी वाचकास निराळे सांगावयास नको. हिंदी आणि मराठी दोन्ही देवनागरीत लिहिल्या जातात. तथापि ‘शिक्षा’ हा शब्द हिंदी भाषक शाळेसंबंधी वापरतो, तर मराठी भाषक न्यायालयासंबंधी. उपकरणांचेही तसेच आहे. एक यंत्रणा बॅटरीत जाणारी वीज धन मानते, दुसरी ऋण. संदेश बिनचूक पोहोचतो आणि अर्थ उलटा होतो. युरोपात २०१५ साली प्रसिद्ध झालेली ‘सारेफ’ ही संज्ञाव्यवस्था याच अडचणीतून जन्मली. मॅटरनेही शक्ती मिलिवॅटमध्ये आणि ऊर्जा मिलिवॅट-तासांत मोजावी, आत येणारी वीज धन मानावी, असे ठरवून टाकले आहे.

मात्र लक्षवेधी तरतूद निराळीच आहे. घरातील ऊर्जा-व्यवस्थापकाने एखाद्या उपकरणास थांबण्याची, उशिरा सुरू होण्याची अथवा कमी वीज घेण्याची सूचना दिली, तर त्या सूचनेसोबत कारणही येते : ती घराच्या हितासाठी आहे की वीजजाळ्याच्या? याला जोडून वापरकर्त्याच्या संमतीच्या चार अवस्था कल्पिलेल्या आहेत. कशालाच नकार नाही, केवळ घराच्या कारणाला नकार, केवळ जाळ्याच्या कारणाला नकार, दोन्हींना नकार. छपरावरील सौर वीज वापरता यावी म्हणून धुण्याचे यंत्र दुपारपर्यंत थांबवणे आणि शहराचा भार उतरावा म्हणून ते थांबवणे, या दोन कृती बाहेरून एकसारख्याच दिसतात. परंतु पहिलीत लाभ घराचा आहे. दुसरीत गैरसोय घराची आणि लाभ प्रथम इतरांचा. धोरणविषयक लेखनात ‘ग्राहकसहभाग’ या एका शब्दाखाली ज्याची सरमिसळ केली जाते, तो भेद अभियंत्यांनी स्वच्छपणे मांडला, याचे श्रेय त्यांना द्यावयासच हवे.

पण कारण सांगणारा खरे सांगतो किंवा नाही, हे मानक तपासू शकत नाही. वीजमापनाची क्षमता बहुतेक उपकरणांसाठी ऐच्छिक आहे. नकाराचा पर्याय अ‍ॅपच्या पडद्यावर दाखवायचा की पाच पानांखाली दडवायचा, हे अ‍ॅप बनवणारी कंपनी ठरवते. शिवाय जाळ्याकडून येणारा संकेत घरापर्यंत ‘ओपन-एडीआर’सारख्या वेगळ्याच मानकाने येतो आणि तेथे कोणीतरी मध्यस्थ त्याचे भाषांतर करतो. या भाषांतरात कारण गळाले, तर नकारालाही अर्थ उरत नाही.

दुवा एका टप्प्यावर समान आणि पुढच्या टप्प्यावर खासगी असला की काय होते, हे ब्रिटनमध्ये दिसून आले. पहिल्या पिढीच्या स्मार्ट मीटरांचे वीजविक्रेत्याशी दळणवळण प्रत्येक विक्रेत्याच्या स्वतंत्र व्यवस्थेतून होत असे. ग्राहकाने विक्रेता बदलला की अनेक मीटर मुके होत. २०१९ पासून त्यांना मध्यवर्ती जाळ्यात आणण्याचे काम सुरू करावे लागले.

भारतात मीटरापुरते मानकीकरण झालेले आहे. स्मार्ट मीटरासाठी आयएस १६४४४ आणि त्यातील माहितीच्या देवाणघेवाणीसाठी आयएस १५९५९ ही मानके आहेत. नंतरच्या मानकाचा पाया ‘डीएलएमएस-कोसेम’ ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे. अशा मीटरातून दुरून वीज तोडता व जोडता येते, भारमर्यादाही घालता येते. म्हणजे आज्ञा संपूर्ण घराला. एकट्या उपकरणास पंधरा मिनिटे थांबवणारा शब्द ज्या भाषेत आहे, ती भाषा उंबरठ्याच्या आत राहते आणि मीटरची भाषा बाहेर.

ही त्रुटी आता केवळ सैद्धांतिक उरलेली नाही. केंद्राच्या २०२३ च्या नियमदुरुस्तीने स्मार्ट मीटर असलेल्या ग्राहकांसाठी, शेती वगळता, वेळेनुसार वीजदराची दिशा घालून दिली. महाराष्ट्रात जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत जाहीर झाली. (नोकरदार कुटुंबाच्या आंघोळी नऊपूर्वीच उरकतात आणि इन्स्टंट गीझरला साठवण ठाऊक नाही; तेथे कोणतेच मानक कामी येणार नाही.) हलवता येण्याजोगा भार आहे तो धुण्याच्या यंत्राचा, विद्युत वाहनाच्या चार्जिंगचा आणि गृहनिर्माण संस्थेच्या पाण्याच्या पंपाचा. ठरावीक वेळांसाठी साधा टायमरही पुरेल. जाळ्याच्या गरजेनुसार वेळा रोज बदलू लागल्या, की सूचना बाहेरून येतील. भारतीय मानक ब्युरोने मीटर आणि उपकरणे यांना जोडणारे मानक हाती घेतले, तर सूचनेचे कारण आणि ग्राहकाचा नकार ही दोन्ही पदे त्यात ऐच्छिक नव्हे, बंधनकारक असावीत. संस्थेच्या पंपाबाबत तो नकार नोंदवण्याचा अधिकार सचिवाचा की सर्वसाधारण सभेचा, याचा निर्णय मात्र मानकाबाहेर, उपविधींतच करावा लागेल.