हौशी छायाचित्रकार आणि शीर्षकाचे व्याकरण

आषाढी वारीत देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरात मुक्कामास येते, तेव्हा पिंपरी-चिंचवडचे हौशी छायाचित्रकारही तेथे जमतात. अनेकांच्या मनात स्पर्धेचा आगाऊ जाहीर झालेला विषय असतो. मग सुरकुतलेला एखादा चेहरा निवडला जातो व त्याखाली 'श्रद्धा' असे शीर्षक येते. मागे उभे असलेले कारखाने त्या चौकटीत मावत नाहीत.

दोष छायाचित्रणाच्या तंत्रात नसून नामाच्या प्रकारात आहे. भाववाचक नाम व्यक्तीचा निर्देश करीत नाही. ते तिला गुणाचे उदाहरण बनविते. हा दोष नवा नव्हे. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. १८५६ पासून जॉन्सन व हेंडरसन यांनी हौशी छायाचित्रकारांच्या नावाने एक मासिक चित्रसंग्रह काढला. त्यातील कित्येक माणसे केवळ जातीच्या वा व्यवसायाच्या नावाने ओळखविली आहेत. तेथे सामान्यनाम, येथे भाववाचक नाम. माणूस मात्र दोन्हीकडे निनावीच.

तथापि स्पर्धा हेच दोषाचे मूळ, असे म्हणता येणार नाही. २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालेल्या 'विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स' या स्पर्धेत वास्तू कोणती, हे सांगावेच लागते. त्यामुळे निकालानंतरही चित्र ज्ञानकोशाच्या उपयोगी पडते. आपल्या स्पर्धांनीही स्थळ, दिनांक आणि संमती असल्यास व्यक्तीचे नाव मागावे. नाव विचारण्यासाठी छायाचित्रकाराला त्या वारकऱ्याशी दोन शब्द बोलावे लागतील. कदाचित त्यानंतर तो निराळेच चित्र घेईल.